बिनपाण्याची स्टील भांडी: अंगच्या पाण्यात भाजी शिजवायची रीत, आणि ती कुठं चालत नाही

जाडबूड (टिळकवाडी, बेळगाव)

महिला मंडळाच्या हॉलमध्ये, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये या भांड्यांची प्रात्यक्षिकं सारखी चालू असतात. कोबी, गाजर, बटाटा, पाण्याचा थेंब न घालता शिजवून दाखवतात, सगळ्यांना चव देतात आणि मग हप्त्यांचा कागद पुढे करतात. भाजी खरोखरच शिजते, त्यात हातचलाखी नाही. पण ती कशामुळे शिजते हे कळलं, तर सेट घ्यायचा की नुसतं एक चांगलं भांडं घ्यायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं. म्हणून हा धागा.

दुधी, दोडक्यात शंभरात ९४–९५ भाग पाणी असतं. कोबी, वांगं, पालक, फ्लॉवर यांत ९०–९२, बटाट्यात ८० च्या आसपास. म्हणजे अर्ध्या किलो कोबीत साडेचारशे ग्रॅमहून जास्त पाणी आधीच आहे. वरून पाणी घालावं लागतं ते दोन कारणांनी: बूड पातळ असलं की भाजीला पाणी सुटायच्या आत ती खाली लागते, आणि झाकण सैल असलं की सुटलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. जाड बूड पहिली अडचण सोडवतं, घट्ट झाकण दुसरी. तिसरी गोष्ट विकणारे घाईत सांगतात आणि ऐकणारे विसरतात, ती म्हणजे भांडं निदान दोन तृतीयांश भरलेलं हवं. भाजी कमी असली की तिला सुटणारं पाणीही थोडंच, ते लवकर आटतं.

रीत अशी. १८ सेंमीचं पातेलं, ५०० ग्रॅम चिरलेला कोबी. रिकामं पातेलं मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका. चर्रकन आवाज करून जागच्या जागी आटला तर अजून तापायचंय. मण्यासारखा गोल होऊन पळायला लागला की तापलं. आता आच कमी करून एक-दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची. भाजी धुऊन निथळलेली, पण पुसून कोरडी केलेली नको. पानांना चिकटलेलं तेवढंच पाणी सुरुवातीला उपयोगी पडतं. मीठ सुरुवातीलाच घाला, सपाट एक चमचा, कारण मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. एकदा परता, झाकण लावा. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटांत झाकणाच्या कडेला ओलसर रेघ दिसते, थोडी वाफ निघते. त्या वेळी झाकण बोटानं फिरवून बघा. पाण्याच्या पातळ थरावर ते अलगद गोल फिरतं. फिरलं की पातेलं बारीक बर्नरवर नेऊन आच अगदी कमी. कोबीला इथून आठ ते दहा मिनिटं.

मध्ये झाकण उघडू नका. उघडलं की आतली वाफ जाते, आणि ती परत भरायला भाजीतलंच पाणी जातं. तीनदा उघडून बघणाऱ्याची भाजी लागतेच, मग दोष भांड्याला.

शेंगाचटणी (निपाणी)

छान लिहिलंय. पण काका, दोन अडचणी सांगा की सोडवून. गवार या रीतीनं केली की खाली काळी पडते आणि वर कच्ची राहते. आणि आमच्याकडं खाणारी माणसं दोनच, भांडं २४ सेंमीचं आहे. पाव किलो भाजी त्यात तळाला दिसतपण नाही.

जाडबूड

दोन्ही अडचणी एकच आहेत, वहिनी. २४ सेंमीच्या पातेल्यात पाव किलो गवार म्हणजे तळावर एक पातळ थर. वाफ धरायला वर काहीच नाही. दोन माणसांना १६ सेंमीचं, साधारण दीड लिटरचं पातेलं पुरतं. चार माणसांना १८ किंवा २० चं. सेट घेताना लोक सगळ्यांत मोठं भांडं बघून भुलतात आणि रोज वापरायला नेमकं तेच निरुपयोगी ठरतं.

गवार मुळात कमी पाण्याची, त्यातून रेषाळ. तिला बिनपाण्याची म्हणून हट्ट करू नका. पाव किलोला तीन टेबलचमचे पाणी, झाकण, वाफ आली की बारीक आचेवर १५ ते १८ मिनिटं. घेवडा, बिन्स यांना अर्धा किलोला दोन चमचे पाणी, १२ मिनिटं. चमचाभर पाणी घातलं म्हणून रीत बिघडत नाही. भाजी पाण्यात उकळत नाही, वाफेत शिजते, एवढं साधलं की झालं.

भांडं मोठंच असेल आणि दुसरं घ्यायचं नसेल, तर भाजी मधोमध ढीग करून ठेवा, पसरू नका, आणि वरून कोबीचं किंवा अळूचं पान पालथं घाला.

उद्यमबागवाला (बेळगाव)

धातूच्या बाजूनं थोडं.

स्टील उष्णतेचं वाहक म्हणून फारच मंद आहे. ॲल्युमिनियम त्याच्या चौदा-पंधरा पट वेगानं उष्णता पसरवतं. म्हणून नुसत्या स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर डाग पडतो आणि बाजूची भाजी कच्ची राहते. ट्रायप्लायमध्ये, म्हणजे तीन थरांच्या भांड्यात, आत ३०४ ग्रेडचं स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर बहुधा ४३० ग्रेडचं स्टील, एकूण जाडी साधारण अडीच मिलिमीटर. काम करतं ते मधलं ॲल्युमिनियम. अन्नाला लागतं ते स्टील. पाच थर, सात थर, नऊ थर हे आकडे ऐकायला बरे. विचारायचं ते हे की ॲल्युमिनियमचा थर किती जाड आहे आणि तो फक्त बुडाला आहे की कडेपर्यंत. फक्त बुडाला चकती बसवलेली असेल तरी भाजी चांगली होते, मात्र ज्योत चकतीच्या बाहेर गेली की तिच्या कडेनं आत गोल करपलेली रेघ उठते. तिथं नुसतं एकेरी स्टील असतं.

३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि खारट-आंबटाला कमी टिकतं. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नाही, पण लोहचुंबक धरतो, म्हणून इंडक्शनसाठी बाहेरून लावतात. आता दुकानात लोहचुंबक घेऊन जाणाऱ्यांसाठी: ३०४ ला तो चिकटत नाही, २०२ लाही चिकटत नाही. म्हणजे खरं-खोटं ओळखायला त्याचा उपयोग नाही. आणि ट्रायप्लायला आतून लावला तरी बाहेरच्या ४३० मुळे ओढ जाणवते, म्हणून ‘आतलं स्टील हलकं’ असा निष्कर्ष काढू नये. बुडावर कोरलेला ग्रेड आणि आयएसआय खूण बघा. स्टीलच्या स्वयंपाकभांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे.

‘सर्जिकल स्टील’ ही जाहिरातीची भाषा. बहुतेक वेळा त्यातून ३१६ सुचवायचं असतं, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याचा फायदा आहे. कोबीच्या भाजीला फरक पडत नाही.

आणि प्रात्यक्षिकातला तो सोड्याचा प्रयोग! तुमच्या घरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खाण्याचा सोडा घालून पाणी उकळतात आणि चव घ्यायला लावतात. कडू, साबणासारखी लागते. सोडा उकळला की त्याचा धुण्याचा सोडा होऊ लागतो, तो कुठल्याही भांड्यात कडूच लागणार, आणि अल्कलीनं ॲल्युमिनियमचा वरचा थर विरघळतो हेही खरं. पण सोड्याचं पाणी उकळून कोण जेवतं? ॲल्युमिनियमच्या कढईत चिंच-टोमॅटो तासभर रटरटवू नये, हे सांगायला एवढं नाटक लागत नाही.

खानापूरचं रान

ह्याच्यात नवीन काय हाय ओ? झाकणावर ताटली, ताटलीत पाणी, हे गावात आजीच्या आजीपासून चालत आलंय. पातेल्यावर खोलगट ताटली बसवायची, तिच्यात वाटीभर पाणी. भाजीची वाफ वर जाऊन थंड ताटलीला लागती, थेंब होऊन परत भाजीत पडती. भाजीला पाणी कमी पडलं तर ताटलीतलं कोमट पाणीच घालायचं, गार नाही, कारण गार पाणी घातलं की उकळी मोडती नि शिजायला वेळ लागतोय. ट्रायप्लायचं झाकण बी हेच करतंय.

आमच्याकडच्या भाज्यांचं लिहितो. रताळी अर्धा किलो, बोटाच्या दोन पेराएवढे तुकडे, सालासकट. तीन चमचे पाणी, वाफ आल्यावर १२ ते १५ मिनिटं. उकडून पाणी ओतण्यापेक्षा गोडी जास्त राहती. नवलकोल पातळ फोडी करून १२ मिनिटं, कोवळी पानं शेवटच्या चार मिनिटांत. लहान बटाटे अख्खे, ओले, दोन चमचे पाणी घालून २५ ते ३०. दोडका स्वतःच एवढं पाणी सोडतोय की सात मिनिटांनी झाकण काढून दोन मिनिटं आटवावं लागतंय. भेंडी मात्र झाकू नका. वाफेत तिचा चिकटपणा वाढतोय. ती उघड्या कढईतच.

मधली सुट्टी (चिकोडी)

ताटलीचा मुद्दा बरोबर आहे दादा, पण दोन फरक राहतात. ताटलीतलं पाणी तापवायला आणि त्याची वाफ व्हायला गॅस जातो. आणि पातळ पातेल्यात आच कितीही कमी केली तरी बुडाला गरम ठिपका राहतो. ताटली वाफ सांभाळते, बूड सांभाळत नाही. जुना जाड तवा पातेल्याखाली ठेवला तर तेही काम बरंचसं भागतं.

जीवनसत्त्वांबद्दल विकणारे जे सांगतात त्यातलं खरं किती ते लिहिते.

क जीवनसत्त्व, ब गटातली काही, फोलेट आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. भाजी भरपूर पाण्यात उकडली आणि ते पाणी ओतून दिलं तर हे सगळं मोरीत जातं. बिनपाण्याच्या रीतीत ते भाजीतच राहतं. हा फायदा खरा आहे. पण आपण पाणी ओततो कधी? उसळीचा रस्सा पितो, पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करतो. जिथं पाणी पोटातच जातं तिथं नुकसान झालेलंच नसतं, त्यामुळे वाचवण्यासारखंही फारसं नसतं. फायदा होतो तो उकडलेला बटाटा, गाजर, फ्लॉवर, पालक यांना. शिवाय क जीवनसत्त्व नुसत्या उष्णतेनंही कमी होतं. पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं बारीक आचेवर ठेवलेली भाजी ‘पौष्टिक’ राहत नाही, झाकण कितीही महाग असलं तरी.

काही वेळा पाणी ओतणंच बरोबर असतं. पालकात ऑक्झलेट असतं, त्यातलं बरंचसं उकळत्या पाण्यात उतरतं. मूतखड्यासाठी ऑक्झलेट कमी खायला सांगितलेल्या माणसाला पालक भरपूर पाण्यात उकडून, पिळून, पाणी टाकून द्यावा. किडनीच्या आजारात पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर बटाटाही तसाच. या माणसांना ‘सगळं सत्त्व आतच राहतं’ हे ऐकवून भांडं विकणं चुकीचं आहे. अंबाडीचंही तसंच: जादा आंबटपणा काढायला आपण ती उकडून पिळतोच, इथं ती सोय नाही.

रंगाचंही एक आहे. हिरव्या भाजीतून शिजताना आम्लं सुटतात. झाकणाखाली ती कोंडून हिरवा रंग शेवाळी करतात. म्हणून पालक, मेथी, चाकवत पहिला मिनिट-दीड मिनिट उघडं परतावं, मग झाकण, आणि तीन-चार मिनिटांत उतरवावं. पालेभाजीला मीठ शेवटी. आधी ढीग बघून घातलं की बसल्यावर खारट होते.

तेलाविना स्वयंपाक हे अर्धवट खरं. परतायला तेल लागत नाही, कबूल. पण फोडणीचा वास तेलात उतरतो, आणि गाजर-पालकातलं कॅरोटीन अंगी लागायलाही थोडं तेल हवं. अर्ध्या किलोला एक चमचा पुरे.

अथणीचा अण्णा

डाळ आणि भात? प्रात्यक्षिकात दोन्ही करून दाखवले होते, पाणी घालूनच, पण बोलताना मात्र ‘वॉटरलेस’.

जाडबूड

बरोबर पकडलंत अण्णा. कोरड्या डाळीत पाणी असतं शंभरात दहाच्या आसपास. शिजलेल्या डाळीत साठाच्या वर. मधलं पाणी कुठून तरी घालावंच लागणार. तांदळाचंही तसंच, त्यात सूट नाही. फक्त झाकण घट्ट असल्यामुळे वाफ कमी जाते, म्हणून नेहमी दोन वाट्या पाणी घेत असाल तर इथं पावणेदोन घ्या. उकळी, झाकण, बारीक आच १२ मिनिटं, बंद करून १० मिनिटं तसंच.

डाळीत अजून एक गंमत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशालाच उकळतं. प्रेशर कुकरच्या आत १२० च्या जवळ जातं. बिनपाण्याचं भांडं म्हणजे कुकर नव्हे, झाकण थोडं उचलून वाफ बाहेर जाऊ देतं, दाब धरत नाही. तूरडाळ त्यात होते, पण भिजवूनही अर्धा-पाऊण तास लागतो. हरभरा, वाटाणा कुकरलाच लावा. राजमा तर हमखास: त्यातला एक विषारी घटक निघून जायला निदान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं, आणि कमी आचेवर नुसता गरम होत राहिला तर पोट बिघडतं. मोड आलेली मटकी, मूग मात्र या रीतीला उत्तम. भिजल्यामुळे पाणी आत असतंच. पाव किलोला चार चमचे पाणी, मुगाला सात-आठ मिनिटं, मटकीला दहा-बारा.

हिशेबी

विकणारे गॅस ‘निम्मा वाचतो’ म्हणतात, त्याचा हिशेब मांडतो.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम गॅसमध्ये सुमारे ४६ किलोज्यूल, त्यातले शेगडीवर भांड्यात पोचतात दोन तृतीयांश. म्हणजे लिटरला दहा ग्रॅम गॅस. भाजीत अर्धा लिटर पाणी कमी घातलं तर वाचले पाच ग्रॅम. दिवसाला दोन भाज्या, महिन्याला ३०० ग्रॅम. १४.२ किलोचं सिलिंडर दीड महिना जात असेल तर रोज ३१५ ग्रॅम जळतो. त्यातले दहा वाचले. तीन टक्के.

खरी बचत दुसरीकडे आहे. पाणी नुसतं उकळायला आणणं स्वस्त, त्याची वाफ करून उडवणं महाग. उघड्या पातेल्यातून १०० मिली पाणी आटलं की सात-आठ ग्रॅम गॅस गेला. म्हणजे झाकण लावणं आणि उकळी आल्यावर आच बारीक करणं हे दोन्ही पाणी न घालण्याइतकेच मोलाचे, आणि ते कुठल्याही भांड्यात फुकट करता येतं. वीसेक हजारांचा सेट गॅसच्या बचतीतून फेडायला निघालात तर फेडणारे नातू असतील.

शेंगाचटणी

हिशेबी अण्णा, आमच्याकडं झाकणं कुणी लावतच नाही, त्यामुळं तुमचा आकडा तिथंच मोठा निघेल!

भरल्या वांग्याचं सांगा कुणीतरी. दाण्याचं कूट, तीळ, कारळं घातलेला मसाला असतोय. झाकण घट्ट, आच बारीक, तरी मसाला खाली धरतोय.

मधली सुट्टी

वांगं पाणी सोडतं, पण उशिरा. दाणे-तिळाचं कूट तेवढ्या वेळात सगळी ओल शोषून तळाला बसतं आणि करपतं. यात भांड्याचा काही दोष नाही. ५०० ग्रॅम लहान वांग्यांना मसाला नेहमीसारखा भरा, पण वर उरलेला मसाला तळात पसरू नका, तो बाजूला ठेवा. तीन टेबलचमचे तेल. एण्णेगायी (भरल्या वांग्याचं कन्नड नाव) म्हटलं की तेल आलंच, तिथं बचत नको. वांगी देठ वर करून एकमेकांना खेटून बसवा, मध्ये फट नको. कडेनं चार चमचे गरम पाणी सोडा, मसाल्यावर नाही. झाकण, वाफ आली की बारीक आचेवर दहा मिनिटं. मग एकदाच उघडा, वांगी पलटा, उरलेला मसाला पाऊण वाटी गरम पाण्यात कालवून घाला, परत आठ-दहा मिनिटं. वांगी दोन-तीन उभ्या चिरा देऊन, देठाशी जोडलेली ठेवून भरलेली असतील तरच आतपर्यंत शिजतात.

खानापूरचं रान

कोंबडीला बी चालतंय. एक किलो कोंबडी, हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास. कांदा परतून कोंबडी घालायची, मध्यम आचेवर पाच मिनिटं परतायची, रंग बदलला की झाकण. अंगचं पाणी वाटी-दीड वाटी सुटतंय. बारीक आचेवर २५ मिनिटं. सुक्कं पायजे तर शेवटी झाकण काढून आटवायचं. गावठी असंल तर मात्र हा वेळ इसरा, कुकर लावा.

कांदा मार्केट (बेळगाव)

झाकण अडकून बसलंय. भाजी गार झाली आणि आता झाकण ओढून निघत नाही. काय करू? चमचा घालून उचकटू का?

उद्यमबागवाला

उचकटू नका, कड वाकली की ते झाकण कायमचं सैल. आतली वाफ गार होऊन पाणी झाली, आत हवेचा दाब कमी पडला, बाहेरच्या हवेनं झाकण दाबून धरलंय. पातेलं बारीक आचेवर अर्धा मिनिट ठेवा, झाकण फिरवा, सुटेल. पुढच्या वेळी गॅस बंद केल्यावर झाकण किंचित तिरकं करून ठेवा, किंवा मुठीला वाफेचं भोक असेल तर ते उघडा.

आता देखभाल एकदाच लिहून टाकतो, प्रत्येक वेळी वेगळं विचारलं जातं.

मीठ गार पाण्यात टाकून तसंच ठेवू नका. खडे तळाला बसतात आणि तिथं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते निघत नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. चिंच-कोकमाची आमटी स्टीलमध्ये करायला हरकत नाही, पण रात्रभर त्यातच ठेवू नका. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नाहीच. नव्या भांड्यातून पहिल्या काही वेळा धातू जरा जास्त उतरतो, मग कमी होत जातो. म्हणून नवं भांडं आणल्यावर आधी साबणानं धुऊन व्हिनेगर घातलेलं पाणी दहा मिनिटं उकळून ओतून द्या.

निळसर-जांभळे डाग म्हणजे जास्त आच लागल्याची खूण, धोका नाही, लिंबाच्या फोडीनं जातात. पांढरे ठिपके बोअरच्या जड पाण्याचे, तेही लिंबानं किंवा व्हिनेगरनं जातात. करपलं तर पाणी, एक चमचा सोडा, पाच मिनिटं उकळी, लाकडी उलथन्यानं खरवडा. (इथं सोडा चालतो, आतलं स्टील आहे.) राख, विटकरीची पूड, तारेची घासणी नको. ब्लीचचं पाणी अजिबात नको. तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरलं की बूड वाकतं, आणि वाकलेलं बूड सपाट काचेच्या शेगडीवर डुगडुगतं.

रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरू नका. चकती बसवलेली असेल तर ती सुटू शकते.

अथणीचा अण्णा

सेट नको, एकच पातेलं घेतो म्हटलं तर दुकानात काय बघायचं?

जाडबूड

१८ सेंमीचं पातेलं किंवा २२–२४ ची खोल कढई, झाकणासकट. खडेबाजारात, गणपत गल्लीत भांड्यांच्या दुकानांत ट्रायप्लाय मिळतं. साधं स्टील किलोवर, हे नगावर.

झाकण लावून कडेवर चार जागी बोटानं दाबा. एका बाजूनं दाबल्यावर दुसरी उचलली तर ते सोडा. काचेचं झाकण बघायला बरं, पण बहुतेकांना वाफेचं भोक असतं आणि कडेला पाण्याचा थर धरणारी खाच नसते. जड स्टीलचं, कडेला आत उतरणारं झाकण घ्या. बुडावर सहा इंची स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मध्ये किंचित खोलगट असलं तर चालतं, फुगीर नको. हँडल रिबेटचं की वेल्डिंगचं यावर वाद घालू नका. मूठ धरून भरलेलं भांडं उचलता येतं का तेवढं बघा, ही भांडी जड असतात आणि वयस्कर माणसांना २४ सेंमीची कढई एका हातानं पेलत नाही. झाकणाची मूठ, तिचा स्क्रू सुटा मिळतो का हेही विचारा. भांडं वीस वर्षं टिकतं, मूठ नाही.

घरी आणल्यावर एक चाचणी. २५० मिली पाणी मोजून घाला, झाकण लावून उकळी आणा, सगळ्यांत बारीक आचेवर वीस मिनिटं, मग परत मोजा. अर्ध्या वाटीहून जास्त कमी झालं तर झाकण सैल आहे किंवा तुमची ‘बारीक’ आच बारीक नाही. शेगडीचं मोठं बर्नर सिमवरही या कामाला जास्तच होतं, आधी छोट्या बर्नरवर करून बघा आणि मगच दुकानदाराशी भांडा.

कांदा मार्केट

झाकण सुटलं, धन्यवाद. इंडक्शनवर आच किती? आणि कुंद्याला हे भांडं चालेल का?

मधली सुट्टी

१८ सेंमीच्या पातेल्याला वाफ येईपर्यंत ८०० ते १००० वॅट, मग २००–३००. स्वस्त शेगड्या २०० वॅट सलग देत नाहीत, चालू-बंद होत राहतात. जाड बूड मधला वेळ भरून काढतं, काळजी नको. फोडणी मात्र ६०० च्या वर करू नका, रिकामं बूड इंडक्शनवर गॅसपेक्षा लवकर तापतं आणि तेल धुरकटतं. हेस्कॉमची वीज गेली तर भांडं उघडू नका, निम्मी शिजलेली भाजी आतल्या उष्णतेवर पाच-सात मिनिटं शिजत राहते.

कुंद्याला बूड चालेल, झाकण नाही. तिथं दूध आटवून पाणी उडवायचंच असतं. पसरट कढई घ्या, पातेलं नको. तळ सपाट उलथन्यानं सारखा खरवडत राहा, आणि साखर दूध निम्म्याच्या खाली आल्यावर घाला, आधी घातली की तळाला धरते.

खानापूरचं रान

दूध म्हशीचंच घ्या. बाकी भांडं कुठलं बी घ्या.